सांधेदुखीच्या गोळ्यांची चोरी

सोमवार, १० फेब्रुवारी

आज माझ्यावर चोरीचा आळ आला.

असं काही झालं की घरी येऊन मी हिला सांगत असे. ही भाजी निवडता निवडता ऐकायची आणि शेवटी एकच वाक्य बोलायची, त्यात निकाल लागलेला असायचा. ही गेल्याला वर्ष होत आलं. घरात आता मी आणि हिच्या आई. आईंना हे कळू द्यायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून ही वही.

मी जनावरांच्या दवाखान्यात कम्पाउंडर आहे. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. डॉक्टरांची मोठी बहीण बँकेतून निवृत्त झाली आणि नव्या वर्षापासून दवाखान्याचा कारभार बघायला आली. बाईंना कुत्र्यामांजरांची भीती वाटते, आकड्यांची वाटत नाही. तपासताना कुत्री धरायला आमच्याकडे एक पैलवान आहे. तो त्यांना पाठीमागे ऑडिटताई म्हणतो.

आज बाहेरची खोली माणसांनी आणि कुत्र्यांनी भरलेली असताना ऑडिटताई बिल घेऊन उभ्या राहिल्या.

"लहान कुत्र्यांच्या सांधेदुखीच्या गोळ्या. बिलावर आहेत. कपाटात एकही पाकीट नाही. किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग?"

मी म्हणालो, जुन्या स्ट्रिप डिसेंबरात संपल्या, नव्या गोळ्या माझ्याकडे आल्याच नाहीत.

"खोका आधी माझ्या टेबलावर येतो. मी पाकिटं मोजून बिलाशी ताडते, मग तुमच्याकडे जातो. म्हणजे मी खोटं बोलते?"

मी मान खाली घातली. सगळे माझ्याकडे बघत होते. एक छोटं पांढरं कुत्रं मात्र ताईंवर भुंकत होतं. पैलवान नंतर म्हणाला, "कम्पाउंडरभाऊ, अख्ख्या खोलीत तोंड उघडलं ते त्या एकट्यानं."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दवाखान्यात कुणी काही बोललं नाही. न बोलणं माझ्या सवयीचं आहे, पण दुसरे बोलेनासे झाले की ते वेगळं लागतं.

एक चांगली गोष्ट. आई आज तिन्ही जिने न थांबता चढल्या. इथे राहायला आल्या तेव्हा प्रत्येक वळणावर थांबून गुडघ्यांना शिव्या द्यायच्या. रोज दुपारी माझा डबा घेऊन दवाखान्यात येतात, ते मी नको म्हणत होतो. आता वाटतं, चालण्याचाच फायदा झाला असेल. त्यांना तसं म्हणालो.

"चालण्याचा कसला? मनानं घेतलं की होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडची बिस्किटं बरी असतात हो. जरा कडक आहेत, पण चव लागते जिभेला."

ऑडिटताई त्यांना चहाबरोबर बिस्किटं देतात हे मला माहीत नव्हतं. माणूस वाटतो तेवढा वाईट नसतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आत बोलावलं. ते माझ्याकडे न बघता मांजराच्या कानात बघत बोलले.

"मला काही तसं वाटत नाही हो. पण ताईचं म्हणणं, महिनाअखेरपर्यंत खुलासा झाला नाही तर... तुम्हीच राजीनामा द्यावा. पोलीस वगैरे नको."

"मी घेतल्या नाहीत."

"तेच तर म्हणतोय मी. पण गेल्या कुठे?"

मांजरानं त्यांना बोचकारलं आणि बोलणं तिथंच संपलं.

या वयात दुसरीकडे नोकरी मिळेल असं वाटत नाही. मिळाली तरी पहिला प्रश्न विचारतील, आधीची का सोडली? आणि नोकरी गेल्याचं कळलं की माझा मेहुणा आईंना घेऊन जाईल. तो अधूनमधून फोन करतोच: "आई, मुलगा जिवंत असताना जावयाकडे राहणं बरं दिसत नाही." आई दर वेळी म्हणतात, इथली कपाटं आवरून झाली की येते. कपाटं कधीच आवरून झाली आहेत.

पैलवान माझ्या बाजूनं आहे. पण तो म्हणाला, "भाऊ, घेतल्या असल्या तरी मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही." ही बाजू घेणं झालं की काय, कळेना.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आमच्या इमारतीच्या वॉचमनचा एक म्हातारा कुत्रा आहे. त्याचं नाव जमादार. मागचा पाय ओढत चालतो. ही रोज त्याला काहीतरी टाकायची. आता मी संध्याकाळी दवाखान्यातल्या बिस्किटांच्या डब्यातली दोन आणून देतो. इंजेक्शन मुकाट्यानं घेणाऱ्या कुत्र्याला बक्षीस म्हणून टेबलावर तो पत्र्याचा डबा असतो. डॉक्टरांनी मला घेऊन जायची परवानगी केव्हाच दिली आहे.

तर आज हा जमादार सायकलवाल्याच्या मागे पळाला. लंगडत नाही, चक्क पळाला. सायकलवाला घाबरून झाडावर गेला, म्हणजे सायकलसकट झाडावर आपटला. वॉचमनला राग यायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, म्हातारपणी याला तारुण्य फुटलं!"

बहुतेक बिस्किटं त्याला मानवली. पूर्वी पैलवान दुकानातून गोल बिस्किटं आणायचा. ऑडिटताईंनी तो खर्च बंद केला. कंपनी औषधांच्या खोक्यातून बिस्किटं फुकट पाठवते, बाहेरून कशाला आणायची, म्हणाल्या. आता डबा त्याच भरतात. नवी बिस्किटं हाडाच्या आकाराची आहेत. कुत्र्यांना जास्त आवडतात. ताईंच्या काटकसरीनं कुणाचं तरी भलं झालं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवा खोका आला. त्यातल्याही लहान कुत्र्यांच्या गोळ्या गेल्या. ताईंच्या टेबलावरून आलेला खोका रिकामा करून मी कपाट लावलं तेव्हा त्या नव्हत्याच, पण हे आता कुणाला सांगू? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पैलवान म्हणाला. मी म्हणालो, संन्याशाकडे कपाटाची किल्ली नसते.

ताईंनी किल्ली मागून घेतली. मी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. दिवसभर हात पुन्हा पुन्हा खिशात जात होता.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कुणाला सांधेदुखी आहे?"

"नाही," मी म्हणालो आणि तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच आई डबा घेऊन आत आल्या. तुरुतुरु. पायऱ्या चढताना कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

ताई त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग मीही बघितलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नको तो विचार डोक्यातून जात नाही.

आई रोज दुपारी येतात. त्या वेळी ताई बहुतेक जेवायला घरी गेलेल्या असतात, डॉक्टर आत ऑपरेशनला, मी हात धुवायला मागे. कपाट दुपारी उघडंच असायचं. आणि गुडघे? गेल्या महिन्यापर्यंत रडणारे गुडघे एकदम कसे हसू लागले?

त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले. स्वतःचीच लाज वाटली. गोळ्या सापडल्या नाहीत. चहाच्या डब्यामागे हिचा चष्मा मिळाला. मी तो वर्षभर शोधत होतो. आईंनी तो पुसून, रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. मी पुन्हा तसाच ठेवला.

बाहेर येऊन आई म्हणाल्या, "काय शोधताय जावईबापू?"

"साखर."

"तुम्ही बिनसाखरेचा पिता."

"पाहुणे आले तर."

"कोण येणार आहे?"

खोटं बोलायला सराव लागतो. तो मला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आईही माझ्याकडे विचित्र बघतात. आज धुवायला काढलेला माझा शर्ट हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. खिशात बोट घालून काहीतरी काढलं, वास घेतला आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला काही त्रास होत असला तर मला सांगत जा. दुखलंखुपलं. मनालासुद्धा होतं दुखणं."

त्या माझ्यापासून काही लपवत आहेत आणि वर माझीच चौकशी करत आहेत. मी म्हणालो, मला काही होत नाही. त्यांनी सुस्कारा सोडला.

पैलवान आज त्यांच्याशी दाराबाहेर कुजबुजत होता. मला बघून दोघं हवापाण्याचं बोलू लागले. आळाचं त्यानं सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ठरवलं. गोळ्या मीच घेतल्या असं उद्या सांगायचं.

सारखा विचार केला तो असा. आईंचं नाव बाहेर आलं तर त्या पुन्हा इथे तोंड दाखवणार नाहीत. मुलाकडे जातील आणि तिथंही मान खाली घालून राहतील. माझं काय, मी तसाही मान खाली घालूनच असतो. नोकरी जाणारच आहे, तर निदान कुणाच्या तरी कामी येऊन जाऊ दे. शिवाय दुखत होतं म्हणून घेतल्या. हौसेनं कुणी कुत्र्याच्या गोळ्या खात नाही.

एकच वाटतं. ही असती तर आईला सरळ विचारून मोकळी झाली असती. मला विचारवत नाही. आपल्याच माणसाला "तू चोरी केलीस का" हे कसं विचारतात?

राजीनामाही लिहून खिशात ठेवला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी आई लवकर बाहेर पडल्या, देवळाकडे जाते म्हणाल्या. मी दवाखान्यात गेलो आणि धीर जायच्या आत सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरलो.

"डॉक्टर, त्या गोळ्या मी घेतल्या."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. ऑडिटताई शेजारी उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही दुसरे," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

त्यांनी दाराच्या मागे बोट दाखवलं. तिथं स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन, आई बसलेल्या होत्या.

"यांचं काही ऐकू नका डॉक्टर," आई ताडकन उठल्या. "गोळ्या मी घेतल्या. माझे गुडघे बघा! हे काय मनानं घेतलं म्हणून बरे झाले?"

"आई, तुम्ही गप्प बसा. मी घेतल्या."

"तुमचे कुठे गुडघे दुखतात?"

"खांदा दुखतो."

"कुठला?"

मी एक खांदा धरला. मग वाटलं दुसरा बरा, म्हणून तो धरला.

"बघा! यांना खोटंसुद्धा धड बोलता येत नाही," आई डॉक्टरांना म्हणाल्या. "मुक्या जनावराच्या दयेपोटी घेतल्या हो यांनी. रोज संध्याकाळी खिशातून काढून त्या लंगड्या कुत्र्याला चारतात, मी खिडकीतून बघते. माझी लेक गेल्यापासून... जाऊ दे. गोळ्या मी घेतल्या, लिहून घ्या."

ऑडिटताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बँकेत त्यांनी पुष्कळ चोर पाहिले असतील, पण एका चोरीसाठी रांग लावलेले पाहिले नसणार. "दोघांनी मिळून घेतल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही!" आम्ही दोघंही म्हणालो.

तेवढ्यात औषधांचा खोका घेऊन माणूस आला. डॉक्टर वैतागलेच होते. "आण इकडे. आज मीच मोजतो," म्हणाले आणि कात्रीनं खोका फाडला. पिवळी पाकिटं काढली, बाटल्या काढल्या, मग खालून हिरवी पाकिटं काढून टेबलावर ठेवू लागले. हिरव्या पाकिटावर हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं.

"अरे, ती बाजूला ठेव," ताई म्हणाल्या. "ती औषधं नाहीत. ती डब्यात टाकायची बिस्किटं."

डॉक्टरांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग पुन्हा जवळ आणलं.

"ताई, तुझा चष्मा कुठाय?"

"पर्समध्ये. कशाला?"

"लाव."

ताई चारचौघांत चष्मा लावत नाहीत. आज लावला आणि पाकीट वाचलं. लहान कुत्र्यांसाठी सांधेदुखीवरच्या गोळ्या, मांसाच्या चवीच्या.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. हाडाच्या आकाराच्या तपकिरी गोळ्या टेबलावर घरंगळल्या. मी खिशात हात घातला. काल जमादार भेटला नव्हता, म्हणून त्याची दोन बिस्किटं तशीच राहिली होती. ती मी शेजारी ठेवली. एकाला झाका, दुसऱ्याला काढा.

आई पुढे झाल्या, पदरानं चष्मा पुसून वाकल्या.

"ही? ही तर मी रोज खाते!"

"काय खाता?" डॉक्टर ओरडलेच.

"बाहेरच्या डब्यातली. पाहुण्यांसाठी ठेवलेली असतात ना? चांगल्या घरात ठेवतातच. रोज एक घ्यायची, कधी दोन. जास्त घेतलेली बरी दिसत नाहीत."

दारात पैलवान उभा होता. त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू घसरत खाली बसला. मोठ्यात मोठा कुत्रा ज्याला हलवू शकला नाही, तो हसून जमिनीवर आला. मग डॉक्टर. मग मी. मला शेवटचं मोठ्यानं हसून किती काळ झाला, आठवत नाही.

ताई मात्र चष्मा लावून बसून होत्या. काढायचा राहिला होता.

शनिवार, २२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आईंना काल लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "मी चार पायांवरच्यांचं बघतो," म्हणाले. तपासण्या झाल्या, सगळं ठीक आहे. पण त्या डॉक्टरांनी आईंना असं झापलं की मला बाहेर ऐकू येत होतं. "आजी, डब्यावर कुत्र्याचं चित्र नव्हतं?" "डब्यावर गुलाबाचं होतं," आई म्हणाल्या. ते खरं आहे.

आमच्या डॉक्टरांनी बक्षिसाच्या बिस्किटांचा हिशेब लावला. रोज येणारं कुत्रं नसल्यानं एखाददुसऱ्या गोळीनं कुणाला अपाय झालेला नाही. जमादारला मात्र त्यांनी आज बोलावून तपासलं. त्याला या गोळ्या लागतातच, पण मोठ्या कुत्र्यांच्या, आणि मोजून.

मग मी एक गोष्ट केली. ताईंच्या टेबलाजवळ गेलो आणि म्हणालो, "तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. आता सगळ्यांसमोर सांगाल का?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ताईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उठल्या. बाहेरची खोली भरलेली होती. त्या कुत्र्यांपासून अंतर राखून मधोमध उभ्या राहिल्या.

"कम्पाउंडरनी काही चोरलेलं नाही. मी गोळ्यांना बिस्किटं समजले. चूक माझी. ही त्यांची किल्ली."

बँकेत सवय असेल, हिशेब चुकला तर चुकला म्हणायची. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. पण लोक ऐकत होते ते वेगळंच. एक आजोबा पुढे सरकले. "म्हणजे आमची म्हातारी कुत्री उड्या मारायला लागली ती त्यामुळे? मग तीच द्या की बिस्किटं!" त्यांच्या मागे आणखी दोघं.

डॉक्टर आतून ओरडले, "डबा उचला!"

रविवार, २३ फेब्रुवारी

किल्ली खिशात आहे. नोकरी आहे. आणि घरात भांडण आहे.

आई कालपासून बोलत नाहीत. आज चहा समोर ठेवून एकदम म्हणाल्या, "मी तुम्हाला चोर वाटले?"

मी म्हणालो, "आणि मी तुम्हाला?"

"मला तुम्ही दयाळू वाटलात. चोर नाही. फरक आहे."

"मलाही वाटलं, दुखत होतं म्हणून घेतल्या."

"डबे उचकले तुम्ही माझे!"

"तुम्ही माझा खिसा हुंगला!"

आवाज चढले. या घरात हिच्यानंतर कुणाचा आवाज चढला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांना जपत, पाहुण्यांसारखे वावरत होतो. आज खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून वर पाहिलं. भांडताना आई म्हणाल्या, "लेकीला सांगू का आता तुमचं नाव?" आणि दोघंही थांबलो.

मग त्या आत गेल्या, चहाच्या डब्यामागून रुमाल काढला आणि चष्मा माझ्यासमोर ठेवला. "शोधत होतात ना? साखर म्हणे." तेव्हापासून तो टेबलावर आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन आला. खालच्या बाईंकडून की कुणाकडून, त्याला सगळं कळलं होतं. आईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, बस झालं आता. तिथं तुझ्यावर चोरीचा आळ घेतला लोकांनी. सामान भर, मी येतो."

"आळ नाही घेतला," आई म्हणाल्या. "मी कबूल केलं. यांनी पण केलं. एका घरातले दोन चोर आहोत आम्ही, असे कसे वेगळे होऊ? पोलिसांना संशय येईल."

"अगं आई, पण..." तिकडून आलं.

"आणि कपाटं आवरून व्हायची आहेत अजून," आईंनी सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवार, १ मार्च

गोळ्या बंद झाल्यापासून आईंचे गुडघे पुन्हा कुरकुरतात. डॉक्टरांनी व्यायाम दिले आहेत. त्या जमिनीवर आडव्या होऊन पाय उचलतात आणि मलाही शेजारी झोपून उचलायला लावतात, खांदा दुखतो म्हणून. मी म्हणालो, खांद्याचं खोटं होतं. त्या म्हणाल्या, खोट्याची शिक्षा भोगा.

आज पाय वर असतानाच मी विचारलं, "ही असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली कुठली! हसून लोळली असती. मग चप्पल पायात घालून गावभर सांगत सुटली असती. तुमचं नि माझं नाव पार पुढच्या चौकापर्यंत गेलं असतं."

खरं आहे. एवढी मोठी गोष्ट घडली आणि घरातून एकानंही ती कुणाला सांगितली नाही, असं हिच्या हयातीत झालं नसतं. आईंना जिने उतरवत नाहीत. मी उठलो, चप्पल घातली आणि खाली गेलो.

वॉचमन फाटकाशी बसला होता. मी त्याच्या बाकावर बसलो. रोज मी मान हलवून पुढे जातो, म्हणून तो उभाच राहिला. "काय झालं साहेब?"

"बस. गंमत सांगतो," मी म्हणालो. "आमच्या दवाखान्यात नव्या बाई आल्या, त्या चष्मा लावत नाहीत..."

"अहो, तिथून नको!" वरून खिडकीतून आई ओरडल्या. "मी आधी कबूल केलं ते सांगा!"